लाकूड आधी, बी नंतर

सूर्य जरा वर आला की अंगणातल्या तुळशीच्या पानांवर एक काम सुरू होतं. पानाच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक रंध्रं असतात आणि प्रत्येक रंध्राच्या दोन अंगांना दोन कमानदार पेशी असतात. उजेड पडला की या पेशींत पोटॅशियम शिरतं, त्याच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगून वाकतात आणि त्यांच्यामधली फट उघडते. हवा आत जाते, वाफ बाहेर पडते आणि पानाचा दिवस सुरू होतो. आपण चहाचं आधण ठेवतो तोवर गावातल्या वडा-पिंपळांनी, कुंडीतल्या मोगऱ्याने, बांधावरच्या टाकळ्याने हे काम केव्हाच उरकलेलं असतं.

हीच फट आणि तिच्या बाजूच्या त्याच दोन पेशी सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका दगडात पाहता येतात. हा दगड स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशर भागातल्या राइनी नावाच्या खेड्यातला. विल्यम मॅकी हे पेशाने डॉक्टर, पण दगडांचा नाद मोठा. १९१२ साली तिथल्या शेतांच्या दगडी कुंपणांत त्यांना वेगळ्याच जातीची गारगोटी दिसली. तिचे पातळ काप केले तेव्हा आत झाडांची खोडं निघाली, पेशी न् पेशी शाबूत असलेली. त्या जागी एके काळी गरम पाण्याचे झरे होते. पाण्यात विरघळलेली सिलिका काठावरच्या रोपांमध्ये झिरपली आणि रोपं कुजायच्या आत दगड झाली. रॉबर्ट किडस्टन आणि विल्यम लँग या दोघांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच निबंध लिहून या रोपांचं वर्णन केलं. जमिनीवर आलेल्या सुरुवातीच्या वनस्पतींबद्दल आपल्याला जे नेमकं माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या एका खेड्यातून आलेलं आहे.

राइनिया हे त्यांतलं एक रोप. उंची वीतभर. पान नाही, मूळ नाही, फूल नाही, बी नाही. नुसती हिरवी काडी, तिला दोन फाटे, प्रत्येकाला पुन्हा दोन, आणि टोकाला बीजाणूंची छोटी पिशवी. पण त्या काडीच्या सालीवर रंध्रं आहेत. शेजारीच वाढणाऱ्या अग्लाओफायटन नावाच्या दुसऱ्या रोपाच्या पेशींत तर एक बुरशी शिरलेली दिसते. पेशीच्या आत तिला बारीक बारीक फांद्या फुटलेल्या आहेत. आज आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत अशीच बुरशी राहते. ती मातीतला स्फुरद झाडाला आणून देते आणि झाडाकडून साखर घेते. द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार मायकोरायझाची पाकिटं विकत आणतात ती याच सोबतीसाठी.

आता हे नीट पाहिलं पाहिजे. रंध्रं आहेत, पण पानाचा पत्ता नाही. मुळात राहणारी बुरशी आहे, पण मूळच नाही. शाळेत आपण वनस्पतीचे अवयव एकाच आकृतीत शिकलो. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, सगळं एका रोपावर आणि प्रत्येकासमोर बाण. त्या आकृतीमुळे मनात एक समजूत कायमची बसते, की झाड म्हणजे हे सगळं मिळून, आणि ते पहिल्यापासून असंच. जिवंत झाडांकडे कितीही निरखून पाहिलं तरी ही समजूत मोडत नाही, कारण आंब्यात हे सगळे अवयव एकत्रच आहेत आणि जांभळातही. कोणता अवयव आधी आला, कोणता मागून, हे आंबा सांगू शकत नाही. ते दगडच सांगतात. आणि दगड सांगतात की हे अवयव कोट्यवधी वर्षांच्या अंतराने, आपापल्या वेळेने, वेगवेगळ्या कामांसाठी आले.

पानाचंच घ्या. हिरवी काडी जमिनीवर उभी राहिल्यानंतर रुंद, सपाट पान सर्रास दिसू लागायला सुमारे चार कोटी वर्षं लागली. एवढा वेळ का, याचं डेव्हिड बीरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार पटतं. त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड पुष्कळ होता, म्हणून थोड्या रंध्रांत काम भागे. पण रंध्रं थोडी म्हणजे वाफ थोडी, आणि वाफ थोडी म्हणजे अंग निववायची सोय थोडी. अशा हवेत रुंद पान उन्हात धरलं असतं तर ते करपून गेलं असतं. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला, रंध्रांची दाटी वाढली आणि मग रुंद पान परवडू लागलं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभा असलेला कडुनिंब ज्याच्या जोरावर हिरवा राहतो तो हाच हिशेब.

लाकडाची गोष्ट याहून मोठी आहे. कॅनडाचे जॉन विल्यम डॉसन यांनी १८७१ मध्ये आर्किऑप्टेरिस हे नाव दिलं ते नेच्यासारख्या दिसणाऱ्या पानांना. ही पानं बीजाणू धरणारी होती, म्हणून ती नेच्यांच्या खात्यात गेली. पुढे १९११ मध्ये मिखाइल झालेस्की या रशियन शास्त्रज्ञाने दगड झालेल्या एका लाकडाला कॅलिक्सायलॉन म्हटलं. लाकूड घट्ट, आजच्या देवदार-पाइनच्या जातकुळीचं, आणि असं लाकूड असलेली झाडं बिया धरतात हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून ते सूचिपर्णी झाडांच्या खात्यात गेलं. अर्धं शतक ही दोन नावं दोन वेगळ्या कपाटांत राहिली. १९६० मध्ये चार्ल्स बेक यांनी न्यूयॉर्क राज्यातला एक नमुना पुढे ठेवला. त्यात आर्किऑप्टेरिसची पानं आणि कॅलिक्सायलॉनचं लाकूड एकमेकांना जोडलेलं होतं. खोड पाइनचं, पान नेच्याचं, आणि प्रजनन बीजाणूंचं. असं झाड आज पृथ्वीवर कुठेही नाही.

बेक यांच्या त्या एका नमुन्याने क्रम ठरवून दिला. लाकूड आधी, बी नंतर. बी नसतानाही उंच, जाडजूड, फांद्या पसरलेली झाडं उभी होती आणि त्यांची जंगलं होती. न्यूयॉर्क राज्यातच कैरो नावाच्या गावाजवळच्या खाणीत अशा जंगलाची जमीन उघडी पडली आहे. तिचं वय सुमारे ३८ कोटी ६० लाख वर्षं. झाडं राहिली नाहीत, पण मुळांचं जाळं त्या तळावर उमटलेलं आहे आणि काही मुळं दहा मीटरांच्याही पुढे पसरलेली आहेत. या मुळांनी खडक फोडले, माती केली आणि हवेतला कार्बन जमिनीत नेला. पुढे बी आलं ते या झाडांनी तयार केलेल्या मातीत.

बियांचा शोधही असाच सांध्यावर अडला होता. कोळशाच्या युगातली नेच्यासारखी पानं ढिगांनी सापडत, पण त्यांच्यावर बीजाणू दिसत नसत. बिया सापडत त्या सुट्या, कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता. १९०३ मध्ये फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्युकिनफील्ड स्कॉट यांनी एक बी बघितलं. त्याच्या बाहेरच्या आवरणावर देठ असलेल्या बारीक ग्रंथी होत्या, टोकाशी गोल. तशाच ग्रंथी, त्याच घडणीच्या, नेच्यासारखी पानं असलेल्या एका झाडाच्या खोडावर आणि देठांवर होत्या आणि त्या थरांतल्या दुसऱ्या कोणत्याही झाडावर नव्हत्या. बी पानाला चिकटलेलं सापडलं नव्हतं, तरी ते त्याच झाडाचं हे एवढ्या पुराव्यावर त्यांनी मांडलं, आणि ते बरोबर निघालं. नेच्याची पानं असून बी धरणाऱ्या झाडांचा एक अख्खा वर्ग त्यातून उजेडात आला. एका केसाएवढ्या ग्रंथीवर त्यांनी एवढी मोठी गोष्ट तोलून धरली, याचं मला फार अप्रूप वाटतं. ऑलिव्हर यांच्या विद्यार्थिनींमध्ये मेरी स्टोप्स होत्या. र. धों. कर्वे यांच्या कामामुळे संततिनियमनाच्या संदर्भात हे नाव मराठी वाचकाला परिचयाचं आहे, पण त्या मूळच्या याच शास्त्रातल्या आणि कोळशातल्या वनस्पतींच्या जाणकार.

झाडांचे जीवाश्म असेच तुकड्यांनी मिळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. झाड पानं गाळतं, बिया वाऱ्यावर सोडतं, परागकण दूर पाठवतं, आणि मग केव्हातरी उन्मळून पडतं. तुकडे वेगवेगळ्या जागी गाडले जातात. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव देतात आणि सांधा सापडेपर्यंत ते नाव राखतात. युरोप-अमेरिकेच्या कोळशातल्या एकाच मोठ्या झाडाच्या खोडाला लेपिडोडेंड्रॉन, मुळांना स्टिग्मारिया आणि शंकूला लेपिडोस्ट्रोबस अशी वेगळाली नावं आहेत. हे झाड तीस मीटरांहून उंच वाढे.

त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग आपल्याकडे आहे. पाचगणीच्या पठारावर पावसाळ्यात पाण्याची उथळ डबकी साठतात. त्यात गवतासारखी दिसणारी, बोटभर लांबीच्या पात्यांची जुडी उगवते. आयसोइटिस तिचं नाव, आणि तिथल्या एका जातीला पाचगणीवरूनच आयसोइटिस पंचगनिएन्सिस असं म्हटलं जातं. ही जुडी उपटली तर पात्यांचा तळ फुगीर लागतो, त्यात बीजाणू असतात. खालच्या बारीक मुळाचा आडवा काप भिंगाखाली धरला तर मूळ आतून पोकळ दिसतं आणि पाणी वाहणारी शीर मध्यावर नसून एका कडेला चिकटलेली दिसते. इंग्लंडच्या कोळशात सापडणाऱ्या स्टिग्मारियाच्या उपमुळांचे काप पाहिले की हीच रचना, हीच कडेला सरकलेली शीर. तिच्या कुळातले वृक्ष संपले आणि ही बुटकी राहिली. पावसाळा सरला की पाती वाळतात, जमिनीतला गड्डा तग धरून राहतो आणि पुढच्या मृगात पुन्हा फुटतो.

आपल्या विदर्भातला कोळसा मात्र लेपिडोडेंड्रॉनचा नव्हे. चंद्रपूर, बल्लारपूर, कामठी, उमरेड या सगळ्या पट्ट्यातला कोळसा ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांचा आहे. जिभेच्या आकाराचं पान, मध्ये ठसठशीत शीर आणि दोन्हीकडे जाळीदार शिरा. ॲडॉल्फ ब्रोंन्यार यांनी १८२८ मध्ये हे नाव दिलं. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, भारत, सगळीकडे हेच पान. कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये वाटेतच मरण पावली, आणि शोधपथकाला त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड सापडले. अंगात त्राण उरलं नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. केंब्रिजचे अल्बर्ट सिवर्ड यांनी त्यातली पानं तपासली, ती ग्लॉसोप्टेरिसची निघाली. अंटार्क्टिकावर जंगल होतं आणि ते चंद्रपूरच्या जंगलाच्या जातीचं होतं.

या झाडाचेही तुकडे जुळायला शतक उलटलं. मणक्यांच्या माळेसारखा एक जीवाश्म व्हर्टिब्रेरिया नावाने वेगळा ओळखला जाई, तो त्याच्या मुळाचा निघाला. आणि त्याची प्रजननाची अंगं पानाला जोडलेली आहेत हे दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी दाखवलं ते १९५२ मध्ये, पानाला नाव मिळाल्यावर १२४ वर्षांनी. या झाडाकडे काय नव्हतं? लाकूड होतं, मोसमाप्रमाणे पडणारी वलयं होती, रुंद पान होतं, बी होतं, वर्षातून पानं झाडण्याची सवय होती. तरीही सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी जी मोठी जीवहानी झाली तीत ग्लॉसोप्टेरिसची जंगलं गेली. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात आज ती जळत आहेत.

पाचगणीच्या डबक्यातल्या बीहीन जुडीशेजारी ग्लॉसोप्टेरिस ठेवून पाहिलं की उत्क्रांतीला शिडी म्हणण्याची आपली सवय मोडावी असं वाटतं. ज्याच्याकडे सगळं होतं ते गेलं, ज्याच्याकडे थोडं होतं ते राहिलं. राइनियाला तर आपण सहज अपूर्ण म्हणतो, पानं यायची होती म्हणून. पण तिच्या काळी, तिच्या झऱ्याकाठी तिला पानाची वाण नव्हती. ती पुढे होणाऱ्या कशाची तरी तयारी म्हणून उभी नव्हती. तिचं तिथलं जगणं पुरतं होतं. जे पुढे आलं ते माहीत असल्यामुळे आपण मागच्याला अर्धवट ठरवतो, ही आपल्या नजरेची चूक आहे, आणि माणसांच्या बाबतीतही आपण ती करतो.

सिवर्ड यांच्या हाताखाली केंब्रिजला शिकलेले एक भारतीय पुढे या शास्त्राचे भारतातले आद्य पुरुष ठरले. बिरबल साहनी, जन्म १८९१, गाव आज पाकिस्तानात असलेलं भेरा. लखनौला त्यांनी संस्था उभी केली, तिचा पायाभरणी समारंभ ३ एप्रिल १९४९ रोजी झाला, आणि आठवडाभरात ते गेले. पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेचं काम पुढे चालवलं. साहनी यांचा जीव रमला तो दख्खनच्या गारगोट्यांत. आपला काळा कातळ एका दमात साचलेला नाही. लाव्हा वाहून गेला, थंड झाला, मग मधल्या काळात तळी साचली, काठाने झाडं वाढली, आणि पुन्हा लाव्हा आला. या दोन लोटांच्या मधल्या थरांत सिलिकेने राइनीसारखंच काम करून ठेवलं. काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपत आले तेव्हाचा.

या थरांतली फळं आणि बिया नागपूरजवळच्या टाकळीला प्रथम हौसेने गोळा केल्या त्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, १८५० च्या दशकात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे सौंसरजवळचं मोहगाव कलां हे गाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत झालं. राज्य मध्य प्रदेश, पण मुलूख मराठी बोलणारा. तिथल्या गारगोटीत साहनी यांना एनिग्मोकार्पॉन हे फळ मिळालं, मेंदीच्या कुळातलं. लगेच १९४४ मध्ये व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच थरातल्या एका दगडी फुलाचं वर्णन केलं, त्याला साहनींचं नाव दिलं आणि ते याच फळाचं फूल असल्याचं दाखवलं. एक सांधा आपल्या दारातही जुळला. तिथेच नीपा या ताडकुळातल्या झाडाची फळं निघाली. नीपा आज सुंदरबनात आणि अंदमानात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढते. सातपुड्याच्या पायथ्याशी ती होती, तर तिथवर खारं पाणी पोचत असणार.

दगडातलं फळ आतून पाहण्याची रीत साधी आहे, हात मात्र बसलेला लागतो. दगड हिऱ्याच्या करवतीने कापतात, कापलेली बाजू घोटून गुळगुळीत करतात आणि क्षणभर हायड्रोफ्लोरिक आम्लात धरतात. आम्ल सिलिका खातं, पेशींच्या भित्तिका सोडून देतं. त्या केसभर वर उभ्या राहतात. मग त्यावर ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म बसवतात. ती वाळली की दुधावरची साय उचलावी तशी उचलून घेतात, आणि सायीबरोबर पेशींचा एक पदर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो ठेवला की फळाची साल, गर, बीचं आवरण, सगळं ओळीने दिसतं. पुन्हा घोटायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा पदर. असे शेकडो पदर काढत अख्खं फळ मनात उभं करायचं.

श्यामला चितळे यांनी आयुष्यभर हे केलं. जन्म १९१८. इंग्लंडमध्ये रेडिंगला टॉम हॅरिस यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, नागपूरच्या विज्ञान संस्थेत या विषयाचा विभाग उभा केला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या गारगोट्यांपाशी आणून बसवल्या. बहुतेक माणसं निवृत्तीचा विचार करतात त्या वयात त्या अमेरिकेला गेल्या आणि १९८० मध्ये क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुराजीव वनस्पतींचा विभाग सुरू केला. तिथे त्यांच्या हाती आला तो ओहायोचा डेव्होनियन काळातला खडक आणि त्यातलं कॅलिक्सायलॉनचं लाकूड. अर्धं आयुष्य फुलाफळांच्या दगडात आणि उरलेलं बियांच्या पहाटेच्या दगडात. एवढा पल्ला एका जन्मात फार थोड्यांनी पाहिला असेल. महाराष्ट्रात त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, याची मला खंत आहे.

२०१३ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी भंडाऱ्याच्या महाविद्यालयातले दशरथ कापगते आणि स्टीव्हन मँचेस्टर, जुन वेन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दख्खनच्या गारगोटीतल्या एका फळाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला इंडोविटिस चितलेयी हे नाव दिलं. द्राक्षकुळातलं, त्या वेळपर्यंत जगात सापडलेलं सगळ्यांत जुनं फळ. ओळख पटली ती बियांवरून. बीवाला काळा मनुका चावून त्यातलं बी धुऊन पाहा, मी पाहिलं. सपाट बाजूला मधल्या कण्याच्या दोन अंगांना दोन खाचा असतात, आणि पाठीवर एक लहानसा गोलसर खळगा. या तीन खुणा जगात द्राक्षकुळाखेरीज सहसा एकत्र येत नाहीत, आणि गारगोटीतल्या बियांवर त्या आहेत. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. नाशिक-सांगलीच्या बागा परदेशी वाणांच्या आहेत हे खरं, पण द्राक्षाचं कूळ या भूमीला परकं नाही.

गवताची कथाही विदर्भातलीच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या वंदना प्रसाद, कॅरोलीन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी यांनी ती तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला, की तिच्यात गवताच्या निदान पाच प्रकारांचे सिलिकाकण आहेत. गवताच्या पात्याने बोट कापतं ते याच सिलिकेमुळे. पान पचून जातं, कण पचत नाहीत, आणि प्रत्येक गटाच्या कणाचा आकार वेगळा. डायनोसॉरच्या काळात गवतं इतकी निरनिराळी झाली असतील असं तोवर कुणी धरलं नव्हतं. २०११ मध्ये त्याच कामाचा पुढचा भाग आला, त्यात भात ज्या गटात मोडतो त्या गटातल्या गवतांचे कण ओळखले गेले. डायनोसॉर भात खात होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या खाण्यात ताड, सूचिपर्णी, इतर झाडं, सगळं होतं आणि गवताचा वाटा थोडाच. पण भाताची वाट इतर गवतांपासून तेव्हाच फुटली होती. माणूस तेव्हा कुठेच नव्हता, आणि त्याच्या ताटातलं मुख्य अन्न चंद्रपूरच्या मातीत आपल्या वाटेला लागलेलं होतं.

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत काळ्या कातळाच्या थरांमधून गारगोटीचे पातळ पट्टे जातात. विहिरी खणताना, रस्ता रुंद करताना, खडीसाठी खाण फोडताना ते उघडे पडतात आणि क्रशरमध्ये जातात किंवा बांधावर टाकले जातात. पांढरट-करडा, कडक, धारदार कडांचा दगड असेल आणि त्याच्या तुटलेल्या तोंडावर एकसारखे गडद ठिपके विखुरलेले असतील तर ते बहुधा ताडाचं खोड असतं. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची एक जुडी, आणि ताडाच्या जातीत वर्षाची वलयं नसतात, म्हणून नुसते ठिपके. असा दगड दिसला तर तो उचलून घरी आणू नये. जागेवरच त्याचा फोटो काढावा, शेताचा गट नंबर टिपावा, विहीर असेल तर किती हात खोलीवर आणि कोणत्या थरात तो निघाला ते लिहून ठेवावं आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र विभागाला कळवावं. थर माहीत नसला तर दगडाचं वय निघत नाही, आणि वय निघालं नाही तर कोणता अवयव आधी आला आणि कोणता नंतर, हे त्या दगडाला विचारता येत नाही.